वरच्या खोलीतली गादी

१४ जून

लेकीनं वाढदिवसाला दिलेली ही वही कपाटात नुसती पडून होती. आई, तू सगळं लोकांना ऐकवतेस, थोडं वहीला ऐकव, असं म्हणून ती परगावी शिकायला निघून गेली. आज वहीची गरज पडली, कारण आज जे झालं ते कोणाला ऐकवण्यासारखं नाही.

नानांची गादी ओली सापडली. नाना म्हणजे माझे सासरे. वरच्या मजल्यावर, कौलांच्या खाली एकच खोली आहे, ती त्यांची. सासूबाई गेल्यापासून ते तिथंच असतात, जेवायला आणि चहाला तेवढे खाली येतात. सकाळी चादर बदलायला वर गेले, तर ते एकटेच गादी उलटी करायच्या खटपटीत होते. मला बघून दचकले आणि हात मागे घेतले. मधोमध मोठा ओला डाग होता, कडेनं पिवळसर तपकिरी.

माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. चहा, गंज, घाम, शाई, कुठलाही डाग मी लांबून ओळखते आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. आज मात्र मी त्या डागाकडे धड बघितलंही नाही. मान वळवली, चादरीचा बोळा केला, 'असू दे नाना, होतं असं,' म्हटलं आणि खाली सटकले. ते काहीतरी बोलायला गेले होते, पण मी थांबलेच नाही. सासऱ्यांशी असल्या विषयावर सून काय बोलणार? ऐकलं असतं तर त्यांनाही लाज आणि मलाही.

चादर दुकानात नेली नाही. घरीच, दार लावून, हातानं धुतली.

१५ जून

नवऱ्याला सांगितलं. तो दाढी करत होता. आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाला, "परवा रात्री पाऊस होता ना." मी म्हटलं, पावसाचा इथं काय संबंध? मग माझं मीच उत्तर दिलं, की गारठ्यानं म्हाताऱ्या माणसांना जास्त वेळा जावं लागतं आणि वेळेवर उठता येत नाही. त्यानं वस्तरा नळाखाली धरला. मग म्हणाला, "वय झालं आता त्यांचं." आणि गालाला परत फेस लावायला लागला, एकदा दाढी करून झाली होती तरी.

बापाविषयी असं ऐकणं त्याला जड गेलं असणार. मी विषय वाढवला नाही.

२० जून

चारपाच दिवस झाले, गादी कोरडी. माझ्या उपायाला गुण आलेला दिसतोय.

उपाय असा. संध्याकाळचा चहा बंद. जेवणानंतर पाणी नाही. 'रात्री झोपमोड नको म्हणून' एवढंच मी नानांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या चादरीखाली रबराचं कापड घातलं, तेही ते खाली पेपर वाचत असताना, गुपचूप. संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं असणार. जेवताना ते माझ्याकडे बघतात की काय म्हणून मी ताटातून मान वर केली नाही.

आज त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे, आमच्या दुकानात कोटांवर घालतात तसल्या प्लास्टिकच्या लांब पिशव्या हव्यात. कशाला, ते मी विचारलं नाही. विचारण्यासारखं आहे का ते? चांगला गठ्ठाच आणून दिला. माणूस स्वतःची सोय स्वतः करू बघतोय, हे पाहून मला भरून आलं. जन्मभर बस डेपोत शेकडो माणसांची हजेरी घेतली त्यांनी, कोणाची मिजास चालू दिली नाही म्हणतात.

दुसरी गोष्ट, पलंग खिडकीपाशी सरकवता येईल का? तो लोखंडी पलंग हलवायला दोन गडी लागतात. शिवाय खिडकीतून वारा येणार, वाऱ्यानं गारठा होणार आणि गारठ्यानं पुन्हा तेच. मी नको म्हटलं.

२४ जून

शेजारच्या घराच्या छपराचं काम निघालंय. दिवसभर ठोकाठोकी. त्यांचा कंत्राटदार आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसतो आणि तिथून साऱ्या गल्लीशी गप्पा मारतो. आवाज असा की मेलेला उठून बसेल. आज मी कपडे वाळत घालत होते, तर वरून म्हणाला, "ओ बाई, तुमची मागच्या अंगाची कौलं सरकलीत. पन्हळीत गवत उगवलंय. चढून बघू का?"

मी म्हटलं, नको, आमचं छप्पर ठणठणीत आहे. मी काय दुधखुळी आहे? मीसुद्धा धंदा करते. कोट शिवायला टाकायचं गिऱ्हाइकाच्या मनात नसतं, तेव्हा मीही 'अस्तर विरलंय हो' म्हणून सुचवतेच. छपरावर बसलेल्याला सगळ्यांची छपरं वाईटच दिसणार.

नाना खिडकीत उभे होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण जेवताना म्हणाले, तो माणूस बरा वाटतो. मी म्हटलं, हो, बोलायला बरा आहे. नवरा पटकन म्हणाला, "पावसाळा संपल्यावर बघू." आणि भात मागितला.

२ जुलै

पाऊस कोसळतोय आणि आमच्याकडे रोज तेच. चहा नाही, पाणी नाही, तरी अंथरूण ओलं आणि रबराच्या कडेनं उतरून गादीसुद्धा. कुठून येतं एवढं? नानांनी चोरून पिऊ नये म्हणून वरचा तांब्या खाली आणला. लिहिताना बरं वाटत नाहीये, पण आणला.

आता मी सकाळी लवकर वर जाते, म्हणजे कामाला येणारी बाई यायच्या आत सगळं आवरून होतं. मी जाते तेव्हा नाना आंघोळ करून, कपडे घालून, खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असतात. फरशीसुद्धा पुसून ठेवलेली असते, फडकं पिळून दांडीवर. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. मी गादी उभी करते, ते बाहेर बघतात. कशी लाज वाटत असेल त्यांना.

खोलीत कुबट वास भरून राहिलाय. सुगंधी फवारा मारला, तर नानांना खोकला आला.

संध्याकाळी नणंदेचा फोन होता. तिला सांगावंच लागलं. वासाबद्दलही सांगितलं, गिऱ्हाइकासमोर नाक मुरडावं तसं तोंड करून सांगितलं असणार, कारण मागे वळले तर नाना जिन्यात उभे होते. त्यांनी हातातला पेपर टेबलावर ठेवला आणि परत वर गेले. सगळं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नाही. मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

८ जुलै

नाना जेवताना पडले. ताटावरून उठले आणि भिंतीला धरत खालीच बसले. डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, अंगात पाणी नाही. दिवसभरात किती पिता? मी नानांच्या मागेच उभी होते.

नाना म्हणाले, "हल्ली तहान लागत नाही."

डॉक्टरांनी मला बजावलं, की लागो न लागो, यांना तासातासाला पाणी द्यायचं. मी हो म्हटलं आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. नानांनी मला वाचवलं. असं नको होतं करायला त्यांनी. मला रागावले असते तर मी निदान उलट बोलले तरी असते.

चहा आणि तांब्या पुन्हा सुरू केले.

११ जुलै

नणंद आली होती. ती, नवरा आणि मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो, घरी नको म्हणून. तिच्या ओळखीत एक निवास आहे. स्वच्छ आहे, डॉक्टर येतात, 'असल्या' माणसांची सगळी व्यवस्था ठेवतात. ती वृद्धाश्रम हा शब्द वापरत नव्हती आणि मीही वापरला नाही. मी म्हटलं, मला दुकान सांभाळून हे झेपत नाही, उद्या काही बरंवाईट झालं तर बोल मलाच लागेल. ते खरंच आहे. पण मनात हेही होतं की सकाळी ती गादी उभी करायला नको.

नवरा नुसता इस्त्रीला आलेल्या शर्टांची बटणं लावत बसला. त्या सगळ्या शर्टांची बटणं मला नंतर परत काढावी लागली.

जेवताना नानांना सांगितलं. थोडे दिवस तिकडे राहा, तब्येत सुधारेल. ते म्हणाले, "पाऊस संपेपर्यंत का?"

मला त्यांचं हसू आलं आणि वाईटही वाटलं, पाऊस मध्येच कुठून आणला म्हणून. हो, बघू, म्हटलं.

१५ जुलै

सोडून आलो. नवरा गाडी लावायला गेला तो आलाच नाही, गाडीतच बसून राहिला. कार्यालयातल्या बाईंना मी हळू आवाजात सांगितलं, की यांचं रात्रीचं जरा... अंथरूण... त्या म्हणाल्या, ठीक आहे, आमची मुलगी बघेल. नाना पलीकडच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी रबराचं कापड गुंडाळून पिशवीत तळाशी घातलं होतं.

निळ्या कपड्यांतली एक मुलगी आली आणि त्यांना आत घेऊन गेली. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. मला. सुनेला. मी म्हटलं, अहो नाना, हे काय, पण तोवर ते वळले होते.

फाटकाबाहेर आल्यावर मी आधी मोकळा श्वास घेतला. वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलंय, म्हणून लिहिते.

१८ जुलै

धुणं कमी. सकाळी निवांत चहा प्यायले. बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून चोरट्यासारखं वाटलं.

२१ जुलै

कालपासून पावसानं झोडपून काढलंय. आज दुकानातून आल्यावर वरच्या खोलीची खिडकी लागलीये का बघायला गेले. खिडकी लागलेली होती.

गादी ओली होती. मधोमध, तेवढीच, तशीच.

मी दारातच उभी राहिले. नाना नव्हते. त्या गादीवर सहा दिवसांत कोणी झोपलेलं नव्हतं. मी बघत असतानाच एक थेंब पडला. टप असा आवाजही झाला नाही, गादीनं गपकन गिळला.

मग मी डागाकडे बघितलं. धंदा करणारी बाई बघते तसं बघितलं. वाकून वास घेतला. कुजलेल्या लाकडाचा आणि मातीचा वास. कडेचं तपकिरी होतं ते लाकडाच्या पाण्याचं. असले डाग पडलेले पडदे दरवर्षी माझ्या दुकानात येतात आणि मी गिऱ्हाइकाला सांगते, आधी छप्पर बघा, मग पडदा धुवायला टाका.

वर कौलांखाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी आहे. तिला गडद रंग दिलेला, म्हणून ओल दिसत नव्हती. पण मान वर केली असती तर दोन फळ्यांच्या मधली फट दिसली असती. इतके दिवस मी त्या खोलीत मान खाली घालून जात होते. फळ्यांना चार बारीक हूक लावलेले होते. कपाटामागे माझ्या दुकानाच्या पिशव्या सापडल्या, एकीला एक चिकटपट्टीनं जोडलेल्या, चार टोकांना सुतळी आणि खालच्या टोकाला बादलीत सोडायला एक नळी. रात्री बांधायचे आणि सकाळी माझी चाहूल लागायच्या आत काढून ठेवायचे. जोराच्या पावसात ते पुरत नसणार.

मी त्या माणसाचं पाणी तोडलं.

२२ जुलै

दुकानात गेले नाही. डोकं दुखतंय सांगितलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, त्यात काही अतिशयोक्ती नाही असं आज कळलं. नवरा विचारत होता काय झालं. त्याला वर नेलं आणि गादी दाखवली. तो वर न बघता म्हणाला, "गळतंय होय." गळतंय का, असं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

नानांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय सांगू? आधी छप्पर होऊ दे. मग सांगायला काहीतरी हातात असेल.

२५ जुलै

दोन कंत्राटदार बघितले. पहिला गोडबोल्या. रस्त्यावर उभा राहून, छत्री न मिटता, त्यानं पूर्ण छप्पर बदलावं लागेल असं सांगितलं, ताई ताई करत भावही सांगून टाकला आणि उद्यापासून माणसं लावतो, तेवढी आगाऊ रक्कम द्या म्हणाला. मी म्हटलं, वर कधी चढणार? तो म्हणाला, त्याची गरज नाही, आम्हाला अनुभव आहे. कोट न उलगडता धुण्याचा भाव सांगणारा माणूस मी माझ्या दुकानात उभा करत नाही. त्याला चहाही विचारला नाही.

मग शेजारच्यांकडून त्या आढ्यावर बसणाऱ्याचा नंबर घेतला. फोनवरच मला ओळखून म्हणाला, "ठणठणीतवाल्या बाई ना?" भोगलं.

आला तो आधी वर चढला. तासभर दिसलाच नाही. मग खोलीत आला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत सुटला. कौलं सरकलीत ती मागच्या बाजूला, पलंगापासून चांगली लांब. पाणी तिथून शिरतं, वाशाच्या अंगानं उतरत येतं आणि फट मिळेल तिथं टपकतं, म्हणून टपकतं तिथंच भोक शोधणारे फसतात. पन्हळ तुंबलेली, तिचं पाणी उलटं आत. वासा त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघितला, तर टोक लोण्यात शिरावं तसं शिरलं. कुबट वास आला, भिंतीचा रंग फुगला, की समजायचं वर काम निघालंय, पाणी टपकायची वाट बघायची नाही. सगळं छप्पर मात्र बदलायला नको, मागची बाजू उतरवली की पुरे. हे सांगताना त्यानं मध्येच आपल्या मेहुण्याला शिव्या घातल्या, पन्हळ साफ न करता पैसे घेतो म्हणून.

सगळं लिहून द्या म्हटलं. त्यानं दिलं. त्यानं केलेली दोन जुनी छपरंही बघून आले, एवढ्या पावसात. एके काळी हे सगळं मला फार जमतं असं मी म्हटलं असतं.

निघताना त्यानं पलंगाकडे बघितलं आणि विचारलं, "इथं झोपतं कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही. रिकामीच असते."

"बरंय," तो म्हणाला. "इथं माणूस झोपत असता तर त्याचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते."

मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. लाज धुवायला बसले आणि तिच्यावर खोट्याचा आणखी एक डाग पाडला.

२६ जुलै

नवऱ्याला सरळ विचारलं. तुला माहीत होतं? तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, उन्हाळ्याच्या शेवटीच नाना त्याला म्हणाले होते, की वळवाच्या पावसात वरून थोडं ओघळतं, बघून घे. तो बघतो म्हणाला आणि विसरला. मग मी ते सगळं सांगायला लागले, रबर आणलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं होतं. पण तोवर मी इतकं काही करून बसले होते, की आता सांगितलं तर माझा तमाशा आणि त्याचीही खरडपट्टी.

"मला वाटलं, पाऊस गेला की आपोआप मिटेल."

मला भांडताच येईना. इतकी वर्षं लोकांना फाडफाड बोलणारी मी, पण त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं याचं उत्तर मला माहीत होतं. मी कंत्राटदाराला कालच दिलं होतं.

३ ऑगस्ट

काम सुरू. ताडपत्री, धूळ, ठोकाठोकी. कुजलेला वासा अंगणात उतरवून ठेवलाय. नवरा त्याला वळसा घालून जातो.

नणंदेचा फोन. ती नानांना भेटून आली. बरे आहेत म्हणे. तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, वहिनी, मी तर तिकडच्या बाईंना अजून एकदा आठवण करून देऊन आले, अंथरुणाचं नीट बघा म्हणून. दोघीही फोन धरून बसलो, कोणालाच ठेवता येईना.

१२ ऑगस्ट

छप्पर झालं. नवीन वासा, नवीन रिपा, जुन्यातली चांगली कौलं पुन्हा लावली. कंत्राटदार म्हणाला, शेवटचा हप्ता एक दणदणीत पाऊस पडून गेल्यावरच द्या. माणूस बोलघेवडा आहे, पण हे मला आवडलं.

पाऊस काल झाला. सकाळी जाऊन हात फिरवला. नवी गादी कोरडी. पलंग मी खिडकीपाशी सरकवून घेतलाय.

उद्या नानांना आणायचं. रात्रभर वाक्यं जुळवत होते.

१३ ऑगस्ट

नवरा पुन्हा गाडीतच थांबला. तू पुढे हो, म्हणाला. मी नानांच्या सामानासाठी मोठी पिशवी घेऊन एकटी आत गेले.

नाना व्हरांड्यात बसले होते. गाल थोडे भरलेत. शेजारी पाण्याचा ग्लास, अर्धा प्यायलेला. माझी त्या ग्लासावरच नजर गेली आणि जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. तरी सांगितलं सगळं. छप्पर, वासा, रिकाम्या गादीवर पडलेला थेंब. म्हटलं, नाना, मी तुमच्याबद्दल भलतंच धरून बसले आणि तुमचा चहा तोडला, पाणी तोडलं. मला क्षमा मागायचीही लाज वाटते.

ते ऐकत होते. चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, काय?

"गळतंय ते. मी पोराला सांगितलं होतं. पुढं तू ते रबर आणून घातलंस. मला वाटलं, त्यानं तुला सांगितलंय, आणि तुम्ही दोघांनी मिळून, मीच अंथरूण ओलं करतो असं धरायचं ठरवलंय. खोली हवी असेल. तोंडावर कसं सांगणार, म्हणून." त्यांनी ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. "मग मी काय बोलणार?"

रबर घातलं तेव्हापासून ते माझ्या ताटासमोर बसून जेवत होते, हे मनात ठेवून. फरशी पुसत होते. डॉक्टरांसमोर मला वाचवत होते. मी रडले. व्हरांड्यातल्या दोन म्हाताऱ्या माझ्याकडे बघत होत्या, बघू दे म्हटलं.

नाना म्हणाले, रडू नकोस, लोक बघतात. मग जरा वेळानं, मला बरं वाटावं म्हणून असेल, इथलं सांगायला लागले. जेवण बेताचं आहे. शेजारचा माणूस घोरतो. ती निळ्या कपड्यांतली मुलगी आहे, तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आजोबा, रात्री अंथरूण ओलं होतं का?

"मी नाही म्हटलं. ती 'बरं' म्हणाली आणि रबर काढून घेऊन गेली."

एवढंच. मला वाटलं ते पुढं काही सांगतील, पण ते तेवढंच सांगणार होते.

मी डोळे पुसले, पिशवी उघडली आणि म्हटलं, चला, कपडे भरू या. ते उठले नाहीत. पिशवीकडे बघत म्हणाले, "मला विचारतेयस, की सांगतेयस?"

पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. त्यांना इकडे आणताना विचारलं नव्हतं, हे तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "विचारतेय. नाना, घरी यायचंय का तुम्हाला?"

त्यांनी खरंच विचार केला.

"नाही," म्हणाले.

माझ्या तोंडाशी खूप काही आलं. नवीन गादी, खिडकी, पलंग, लोक काय म्हणतील. सगळं गिळलं आणि 'बरं' म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

रिकामी पिशवी घेऊन बाहेर आले. नवऱ्यानं आधी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, नाही म्हणाले. तो म्हणाला, असं कसं नाही म्हणाले, तू नीट विचारलं नसशील.

"नीट विचारलं," मी म्हटलं. "म्हणून तर नाही म्हणाले."

त्यानं किल्ली फिरवली नाही. मग गाडीतून उतरला, शर्ट सारखा केला आणि पहिल्यांदाच त्या फाटकातून आत गेला. मी गाडीत, वही मांडीवर घेऊन थांबले आहे. अजून आला नाही.